पालघरचे मत, तलासरीचे मत

पुंडलिक राऊत गुरुजींची आणि माझी ओळख डहाणूच्या निवडणूक प्रशिक्षणात झाली. मी कनिष्ठ अभियंता म्हणून नुकतीच नोकरीला लागले होते. गुरुजी आशागडजवळच्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मतदान यंत्राविषयीच्या माझ्या तीन प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. चौथ्याला म्हणाले, "हे मला ठाऊक नाही. विचारून सांगतो." चहाच्या सुट्टीत ते उत्तर घेऊन आले. एवढ्यावरून त्यांच्याविषयी माझा आदर सुरू झाला.

लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद व पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि मधल्या पोटनिवडणुका, या सगळ्यांत गुरुजींनी केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. लोकसभेला आणि विधानसभेला मतदार एकच बटण दाबतो. जिल्हा परिषद व पंचायत समितीसाठी एकाच वेळी दोन मते द्यायची असतात. ग्रामपंचायतीला त्याहून जास्त असू शकतात. आम्ही कर्मचारी हे फरक पाठ करतो. गुरुजी ते मतदाराच्या बाजूने पाहत.

याचा अनुभव मला तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका केंद्रावर आला. जिल्हा परिषद व पंचायत समितीची निवडणूक होती आणि प्रत्येक मतदारासाठी यंत्र खुले करणारे कंट्रोल युनिट माझ्याकडे होते. दुपारच्या सुमारास एक वयस्क बाई मतदानाच्या आडोशाआड गेल्या, एक बटण दाबून बाहेर आल्या आणि चालू लागल्या. दोन्ही मते पडल्याशिवाय यंत्राचा आवाज होत नाही. तो झाला नाही.

रांग पडवीबाहेर गेली होती. "मॅडम, मशीन झोपली का?" एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने विचारले. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की पुढच्या मतदारासाठी मोकळे होते, हे मला माहीत होते. मी हात पुढे केला.

"थांबा," गुरुजी म्हणाले. "यंत्र मोकळं होईल, पण त्यांचं मत जाईल."

"मी येऊ का दाखवायला?" प्रतिनिधी उठला.

"तुम्ही बसा हो. तुम्ही दाखवलंत तर ते तुमचं मत होईल."

गुरुजींनी स्वतः अंगणात जाऊन बाईंना परत आणले. त्या दारातच अडल्या. "मी दिला मत. मागल्या वेळंला तुम्हीच लोकांनी सांगलं, एकच बटण. दोनदा दिला तं पोलीस धरतील."

त्यांचे बरोबर होते. मागची निवडणूक विधानसभेची होती. शिवाय सकाळपासून मी प्रत्येकाला सवयीने "बटण दाबा" एवढेच सांगत होते. दोन म्हटले नव्हते.

गुरुजींनी सर्वांसमोर पुठ्ठ्याचे नमुना यंत्र धरले. "आई, पांढऱ्या कागदातला माणूस पालघरला जिल्हा परिषदेत जाणार, गुलाबीतला तलासरीला पंचायत समितीत. माणसं दोन, म्हणून बटणं दोन. कोणाला द्यायचं ते आम्हाला सांगू नका."

"मग पहिलं असं सांगायचा ना," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. काही क्षणांनी आवाज झाला.

मतदान संपल्यावर मी माझी चूक सांगितली. गुरुजी म्हणाले, "दुपारपासून तुम्ही 'दोन बटणं' म्हणत होतात. मी ऐकलं."

त्यांच्या आणखी एका सवयीची नोंद करायला हवी. केंद्रावर पोहोचल्यावर यंत्रांच्या पेट्या उतरवण्याआधी ते न्हाणीघराच्या दाराला आतून कडी आहे का, ते बघत. नसेल तर सरपंचांना बोलावून बसवून घेत. मुक्कामी राहणाऱ्या आम्हा स्त्रियांना ती मागावी लागत नसे.

इतरांचे मत वाया जाऊ नये म्हणून झटणाऱ्या गुरुजींनी स्वतः लोकसभेला आणि विधानसभेला बहुधा टपालानेच मत दिले. आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचे मतदान तर ड्यूटीमुळे कितीदा तरी हुकले. आता ते निवृत्त आहेत, साठ वर्षांचे झाले आहेत आणि नरपडला राहतात. तिथल्या केंद्रावर त्यांनी प्रत्येक निवडणुकीला, लहान असो वा मोठी, स्वतःच्या पायांनी चालत जावे, रांगेत शेजाऱ्यांशी गप्पा माराव्यात आणि आपली सगळी मते द्यावीत. असे त्यांना पुढची पुष्कळ वर्षे, ठणठणीत प्रकृतीने करता यावे, ही माझी इच्छा आहे.