उठाबशांची परीक्षा

"उठाबशा काढ," सर म्हणाले. "मी थांब म्हणेपर्यंत."

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजचा जिमखाना. समोर मुलींची अख्खी बास्केटबॉल टीम. मी गुडघ्याला पट्टा बांधून उभी. उडी मारून उतरताना गुडघा पिळवटला होता. पालिकेच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, लिगामेंट अर्धं फाटलंय, आत्ता खेळलीस तर पुरतं तुटेल. मी हे सरांना सांगितलं. पण सरांची स्वतःची पद्धत होती. दुखापतीनंतर कोण कधी खेळणार ते डॉक्टर ठरवत नाहीत, उठाबशा ठरवतात. याचा त्यांना अभिमान होता.

माझे हात आपोआप कानांकडे गेले. दहिसरच्या शाळेत आम्ही उठाबशा कान धरूनच काढायचो.

सगळ्या हसल्या. सरही हसले. "अगं, कान सोड. शिक्षा नाहीये ही, टेस्ट आहे."

मी काढल्या. दात-ओठ खाऊन काढल्या. डोळ्यांत पाणी आलं ते घामात खपवलं. कारण मी स्पोर्ट्स कोट्यातून आलेली. कोट्यातल्या मुलीने दुखतंय म्हटलं की ते नाटक असतं.

"बघा!" सरांनी टाळी वाजवली. "एकदम फिट. फायनलला खेळणार ही."

आमच्याच टीममधली सान्वी जिमखान्याच्या चेअरमनची मुलगी. मागच्या मोसमात तिचा घोटा मुरगळला, तेव्हा सर तिला गाडीपर्यंत धरून घेऊन गेले होते. "पूर्ण बरं वाटल्याशिवाय यायचं नाही हं बेटा." मी आता विचारलं, "सर, तिला नाही काढायला लावल्यात उठाबशा?"

"ती नाजूक आहे गं. तुम्ही चाळीतल्या पोरी काटक. पाणी भरून भरून पाय लोखंडाचे झालेले असतात तुमचे."

लोखंडाचे! माझ्या आईचे पायही लोखंडाचेच समजले लोकांनी. धुण्याभांड्यांसाठी दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे जिने चढून चढून आज तिला मांडी घालून जेवायलाही बसता येत नाही.

घरी बाबांना सांगितलं, नाही खेळले तर प्रवेश जाईल. बाबा मालवणचे. बोलणं मोजकंच.

"जांवदे. पाय तुझो गो चेडवा, तेंचो नाय."

मला त्यांचाही राग आला. जाऊ दे कसं? मला पायही हवा होता आणि कॉलेजही. दोन्हींतलं एक निवड, हे नेहमी आम्हालाच का सांगतात?

फायनलला मी जर्सी घालून बाकावर बसले. मध्यंतरानंतर आम्ही मागे पडलो. सर धावत आले. "चल, ऊठ. आत जा."

मी उठले नाही. मागच्या खुर्चीवरून चेअरमन म्हणाले, "फुकट आलीयस काय कॉलेजला? कोट्यावर आलीस ना, मग खेळ!"

तेव्हा मी उठले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"सर, ती टेस्ट नव्हती. उठाबशा शिक्षेला काढतात. माझा गुन्हा काय ते सांगा. डॉक्टर हो म्हणतील आणि उडी मारून उतरताना मला भीती वाटणार नाही, तेव्हा मी खेळेन. त्याआधी नाही."

आणि खाली बसले.

आम्ही हरलो. खापर माझ्या डोक्यावर. टीममधून नाव कापलं. प्रवेश रद्द करायचं प्रकरण प्रिन्सिपॉलपुढे आहे. डॉक्टरबाई माझ्या बाजूने बोलायला आल्या होत्या. निकाल काय लागेल माहीत नाही. लागेल तो लागो.

परवा व्यायाम करायला जिमखान्यात गेले. आरे कॉलनीतून येणारी पहिल्या वर्षाची एक मुलगी कोर्टच्या मधोमध उभी होती. घोटा सुजलेला. समोर सर. तिचे हात कानांकडे चालले होते.

मी कोर्टवर गेले. तिचे हात धरून खाली घेतले.

"तुझा काय संबंध? तू टीममध्ये नाहीस," सर ओरडले.

"नाहीये. म्हणूनच मला काढून टाकायची धमकी आता चालणार नाही."

मी तिला बाकावर नेऊन बसवलं.

माझा गुडघा भरून येतोय. मी परत खेळणार, याच कोर्टवर. कधी, ते मी ठरवणार. आणि तोवर इथे एकाही मुलीला उठाबशा काढू देणार नाही.