गोधडीवरचा गणपती

वाशीच्या दुकानदाराने भरतकामाच्या मशीनमधली फुलं-मोर दाखवायला सुरुवात केली, तसं मी पिशवीतून जाड गोधडी काढली.

"ही सुईखालून जाते का, तेवढं दाखवा."

पहिल्या दोन मशीनवर गोधडी अडली, तिसऱ्यावर सरकली. तेच मशीन उलव्याला घरी आणलं.

सासूबाईंनी नव्या गोधडीवर गणपती मागितला. नवरा दचकला. "आई, देव अंगावर घेऊन झोपणार?"

"तुझ्या बाबांचं घोरणं ऐकत जन्म काढला. आता जरा शांत सोबत हवी."

भरताना फ्रेममधलं कापड सरकलं आणि सोंड थेट कानाला चिकटली. मी उसवायला घेतलं, तर सासूबाईंनी हात धरला.

"राहू दे गं. कान खाजवतोय बिचारा."

आणि पंखा फुल करून, गोधडी गळ्यापर्यंत ओढून त्या भरदुपारी गाढ झोपल्या.