सागवानी दार

वर्ल्ड कपच्या तयारीच्या दिवसांत दोहातल्या आमच्या साइटवर रत्नागिरीकडचा एक रंगारी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. लोखंडी दाराला तो तपकिरी रंग लावायचा आणि ओल्या रंगावरून तुटकी फणी ओढायचा, की सागवानाच्या रेषा उमटायच्या.

एकदा आमच्या जपानी इंजिनिअरने ते दार कौतुकाने ठोकलं. ते खणखणलं. तो हसून म्हणाला, “गेनजुत्सु!” रंगाऱ्याने मला लगेच अर्थ विचारायला लावला. गेन म्हणजे भास, जुत्सु म्हणजे विद्या. पत्त्यांच्या हातचलाखीला ते तेजिना म्हणतात. गेनजुत्सु हा जुन्या गोष्टींतला शब्द, समोरच्याला भासच खरा वाटायला लावणाऱ्या जादूसाठी.

रंगाऱ्याला तो शब्द फार आवडला. जेवणाच्या सुट्टीत तो त्याच दारापुढे उभा राहून घरी व्हिडिओ कॉल करायचा. “अम्मी, ही माझी खोली,” असं सांगायचा. राहायला होता बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, एका खोलीत चौघं.

एकदा मी चिडलोच. “आईवर कसलं गेनजुत्सु करतोस रे?”

फणी पुसत तो म्हणाला, “तिलापण येतं ते, साहेब. भावजय सांगते, माझा फोन वाजला की अम्मी काठी पलंगाखाली सरकवते आणि भिंतीला पाठ टेकून ताठ उभी राहते.”