गुरुवारचं पाणी

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, हातीपायी धड असतानाच वाटणी केली, याचं साऱ्या गावाला नवल वाटलं. अवसरीकडच्या आमच्या गावात म्हातारं माणूस जिवंत असताना वाटणीचा विषय काढणं म्हणजे त्याच्या मरणावर टपणं. आबा म्हणत, मी गेल्यावर भांडणारच आहात, तर माझ्यासमोर भांडा. निदान मला ऐकायला तरी मिळेल.

मी तेव्हा प्लेगात नवरा गमावून, तान्ही मुलगी घेऊन आळ्याहून माहेरी आले होते. सासरी दिरांनी दार लावून घेतलं. माहेरचे तिघे भाऊ स्वभावानं वाईट नव्हते, पण थोरल्याच्या घरात साधं मीठ मागायचं तरी माझी जीभ रेटत नसे. जन्मभर दुसऱ्याच्या मर्जीवर असंच मान खाली घालून काढायचं का, या एका विचारानं मला घेरलं होतं.

वाटणीला चार शहाणी माणसं बसली. त्यांत आबांचे एक जुने स्नेही होते, जुन्नरला हातानं कागद बनवणारे मुसलमान गृहस्थ. जमिनीचे तीन वाटे सुखानं झाले. मग विहिरीवरच्या मोटेच्या पाळ्या निघाल्या. तिघांना दोन-दोन दिवस दिले की आठवड्यातला एक उरतो, आणि तो वडीलकीचा म्हणून थोरल्याकडे जायचा, अशी आमच्याकडची रीत. आबांनी सांगून टाकलं की गुरुवार लेकीचा, आणि मळ्यातलं छपरही तिचंच.

थोरला तडकला. जिला वावर नाही ती पाण्याचं काय करणार, असं त्यानं विचारलं. जुन्नरचे पाहुणे एवढंच म्हणाले की आमच्यात लेकीला वाटा असतोच, त्यात बिघडलं काय. पण खरं सांगते, थोरल्याचं म्हणणं मलाही पटलं होतं. लोक लेकीला निदान एखादा सोन्याचा डाग तरी घालतात, आणि मला नुसती विहीर दाखवली. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. हे पाणी आता डोक्यावर ओतून घेऊ का, असं मी आबांना विचारलंच.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "वावर दिलं तर हे तिघं तुला कचेरीत वडतील. डाग दिला तर एका दुखण्यात मोडशील. पानी मोडता येत न्हाई, पोरी."

मग घोंगडी उचलून ते माझ्याच छपरात राहायला आले. भावजयांना ते लागलं. मला मात्र लई बरं वाटलं, तोंडानं मी काही का बोलेना.

उन्हाळ्यात विहीर खाली गेली. थोरल्याचा कांदा ऐन भरात होता आणि त्याचे दोन दिवस पुरेनात. एका बुधवारी दिवस मावळताना तो आला, आबांजवळ टेकला. बैलांचं झालं, मंचरच्या बाजाराचं झालं, मग हळूच म्हणाला की उद्याची पाळी मिळाली तर कांदा वाचेल.

आबा तंबाखू मळत होते. "मला काय इचारतूस? पानी तिचं हाय. तिला इचार."

थोरल्यानं मान खाली घातली. मी दारात उभी होते. त्याला थोडं ताटकळत ठेवावं असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. मग त्यानं मान वर केली.

"बाई, उद्याचं पानी देतीस का?"

देते म्हटलं आणि आत जाऊन रडले. बाहेर आबा त्याला सांगत होते की सुगीला या पाण्याच्या बदल्यात तिचं धान्य पोचतं कर, आणि ते तिच्याच हातात दे.

पुढे तिघेही भाऊ दर उन्हाळ्यात आळीपाळीनं येत राहिले. मी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि माझी कणगी कधी रिकामी राहिली नाही. मुलीचं लग्नही मी माझ्या दारात केलं. आबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण एखादा भाऊ अंगणात येऊन "बाई, हाईस का घरात?" असं विचारतो, तेव्हा त्याला ओ देण्याआधी मी मनातल्या मनात आबांच्या पायावर डोकं ठेवते.