चुकलोबुवा

कामावर त्याला सगळे 'चुकलोबुवा' म्हणायचे. लिफ्टच्या देखभालीचं काम घेणाऱ्या कंपनीत तो मेकॅनिक होता. हात चांगला होता, पण कुणाहीसमोर "इथं मी चुकलो बुवा" म्हणून मोकळा व्हायचा. बिघाड झाला की बाकीचे आधी विजेवर ढकलत, मग राहणाऱ्यांवर, मग नशिबावर. हा मात्र सरळ सांगायचा, "मागच्या खेपेला मीच नट नीट आवळला नव्हता." लोक हसायचे.

ही सवय त्याला वडिलांमुळे लागली, पण उलट्या बाजूनं. वडील जन्मात कधी 'माझं चुकलं' म्हणाले नाहीत. जेवणात मीठ जास्त पडो की दुकान बुडो, दोष आईचा. आई गेली त्या दिवशीही ते भेटायला आलेल्यांना सांगत होते, "स्वतःची काळजी कधी घेतलीच नाही हिनं." ते ऐकून तो बाहेर जाऊन उभा राहिला आणि मनाशी म्हणाला, आपण असं व्हायचं नाही.

तेव्हापासून दिवसाचं शेवटचं काम उरकलं की तो तिथल्याच जिन्यावर बसायचा आणि सकाळपासूनचा दिवस आठवायचा. काय चुकलं, काय कळलं नाही. जे कळलं नाही ते दुसऱ्या दिवशी कुणाला तरी विचारायचं. जुनी पॅनेलं जाऊन इलेक्ट्रॉनिक कार्डं आली, तेव्हा त्याच्या वयाच्या मेकॅनिकांनी हात टेकले. हा मात्र पोरसवदा इंजिनिअरांच्या मागे लागून लागून शिकला.

बायको एका शाळेच्या कँटीनमध्ये कामाला होती. ती म्हणायची, "अहो, रोज स्वतःला धुऊन वाळत घालता, पण इस्त्री होऊन पगार काही वाढत नाही." तोही हसायचा.

मग एका जुन्या इमारतीतली लिफ्ट मजल्याला नीट थांबेना. कधी चार बोटं वर, कधी वीतभर खाली. ब्रेकचे लायनर, म्हणजे लिफ्टला जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, पार झिजले होते. त्यानं सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, लायनर बदलावे लागतील. तोवर लिफ्ट बंद ठेवतो."

"वेड लागलंय का? लोक माझा जीव खातील. जरा ॲडजस्ट कर आणि सोड. पुढच्या महिन्यात बघू."

त्यानं ॲडजस्ट केली आणि सोडली. मग जिन्यावर बसला. आज आपण चुकलो, साहेबांपुढे ठाम राहायला हवं होतं, पुढच्या वेळी राहू. एवढं मनाशी बोलल्यावर त्याला हलकं वाटलं. उठला, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि घरी गेला.

त्याच आठवड्यात ती लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली. शिवणकामाचे क्लास घेणाऱ्या एक आजी बाहेर पडताना ठेचकाळल्या आणि त्यांचा खुबा मोडला.

चौकशीला मॅनेजर बसला. सुपरवायझर पंख्याकडे बघत म्हणाला, "मला कुणी काही बोललं नव्हतं."

"मी फोन केला होता," चुकलोबुवा म्हणाला. "साहेबांनीच चालू ठेवायला सांगितलं. पण हात माझा होता. मी बंद करून यायला हवी होती."

"म्हणजे चूक कबूल करताय?"

"माझ्या वाट्याची करतोय."

"बस. झालं तर मग."

संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली.

"सगळे गप्प असताना तोंड उघडायची तुम्हालाच काय घाई होती?" बायको कडाडली.

"खरं तेच बोललो."

"त्यांनी खरं अर्धंच घेतलं ना! तुमच्या गळ्यात पडेल तेवढं."

खोटं कशाला सांगायचं, त्याला आतून थोडं बरंही वाटत होतं. खरं बोलून आपण बुडालो, यात एक ताठा असतो. तो ताठा घेऊनच तो आजींना भेटायला हॉस्पिटलात गेला.

"मी लिफ्टवाला. माफी मागायला आलोय."

आजींनी त्याला नीट न्याहाळलं. "बरं झालं आलात. कंपनीतून दुसरं कुणी फिरकलं नाही." मग थांबून म्हणाल्या, "ती बिघडलीय हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"हो. त्याच दिवशी मनाशी म्हटलंही, की चुकलं."

"त्याच दिवशी? मग उठून बंद का नाही केलीत? तुम्ही तिथंच होतात ना?"

तो तिथंच होता. लिफ्टचा मेन स्विच दोन जिने वर होता. पायरीवर बसून त्यानं स्वतःला माफ करून टाकलं होतं आणि तेवढ्यावर विषय संपवला होता. इतकी वर्षं शिकायला म्हणून बसत होता, की ओझं उतरवायला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. आजींनी भिंतीकडे मान वळवली. तो निघाला.

पुढे एका लहान दुरुस्तीवाल्याकडे कमी पगारावर काम मिळालं. बायकोनं लाँड्रीतलं आणखी एक काम धरलं. सुपरवायझर मॅनेजर झाला. आजी वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालतात, क्लास बंद पडला.

तो जिन्यावर बसेनासा झाला. आता दोष दिसला की कुणाला न विचारता मेन स्विच पाडतो आणि मशीनरूमची चावी खिशात टाकतो. त्यापायी दोन मालकांनी त्याला काढलं. एकदा अशीच लिफ्ट बंद केली आणि चौथ्या मजल्यावरच्या एका माणसाच्या छातीत कळ आली. त्याला खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवावं लागलं. खुर्चीचा एक पाय चुकलोबुवानंच धरला होता. वळणावळणावर त्या माणसाचा श्वास त्याच्या कानाशी लागत होता. खाली पोचल्यावर त्या माणसाच्या मुलानं चुकलोबुवाची कॉलर धरली. "चालू ठेवली असती तर काय बिघडलं असतं तुझं?"

ब्रेकचे लायनर झिजले होते, चालू ठेवणं धोक्याचं होतं, हे त्याला सांगता आलं असतं. पण त्यानं खुर्चीचा पाय पुन्हा धरला आणि त्या माणसाला दारातल्या गाडीत बसवायला हात लावला. गाडी निघून गेली. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.