स्वेटरमधल्या मूगवड्या

चुकलं तर माफ करा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, लिहायची सवय नाही. आज इकडं उत्तर प्रदेशात, गोरखपूरच्या एका गच्चीवरून वाळत्या मूगवड्यांचा हिंगाळ वास आला आणि ताई लग्नानंतर ऑस्ट्रेलियाला निघाली, तो दिवस आठवला.

आईनं वड्या ताईच्या स्वेटरमध्ये गुंडाळल्या होत्या.

“काहून लपवून राहिली? तिथं उतरल्यावर खायचं सगळं कस्टमवाल्यांना सांगावं लागते,” ताई म्हणाली.

“मग नको सांगू ना!”

“रोज पंचशील म्हणतो आपण. खोटं कसं बोलू?”

आईनं वड्या काढून सगळ्यांत वर ठेवल्या. तेव्हा मी हसलो होतो. तिला ते किती जड गेलं असेल, हे आता कळतं.

शेवटी तिथं उतरल्यावर ताईचा फोन आला. “आई, खरं सांगितलं. वड्या ठेवून घेतल्या, मला जाऊ दिलं.”

आईनं विचारलं, “खातील ना तरी ते?”