पहिला महिना फक्त कान

चुकून पाय लागला की तो लगेच हात पुढं करायचा. आपल्याकडं पाय लागला तर आपण त्या माणसाला हात लावून तो कपाळाला नेतो. त्याच्या मुलखात समोरच्याचा हात हातात घेतात. संस्थेच्या जीपमध्ये मागं आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसायचो, आणि येडशीच्या पुढचे आडरस्ते कसे आहेत ते तुम्हाला माहीत असेल. एका फेरीत तो माझा हात सात-आठ वेळा तरी हलवायचा. पहिल्या दिवशी वाटलं, पोरगं प्रेमळ आहे. दुसऱ्या दिवशी वाटलं, पुढाऱ्यानं येताजाता हात मिळवावा असं ह्याला कुणी शिकवलंय की काय. तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा उलगडा झाला.

तो मंगोलियाचा. आमच्या संस्थेचं प्रशिक्षण केंद्र धाराशिवच्या बाहेर माळावर आहे. परदेशी देणगीदारांच्या मदतीनं तिथं दरवर्षी मंगोलियातली आठ-दहा तरुण मुलंमुली तीन महिन्यांसाठी येतात. कुणी शिकत असतं, कुणी बँकेत असतं, कुणी सरकारी कचेरीत. कार्यक्रमाचं नाव 'युवा नेतृत्व विकास'. नेतृत्व शिकायला माणसं एवढ्या लांबून धाराशिवला कशाला येतात, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते माझ्याही मनात आलं होतं. पण पुढाऱ्यांची आपल्याकडं वानवा नाही, हेही खरं. मी तिथं दुभाष्या. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या पायात पायात यायला लागलो, तेव्हा तिनंच मला ह्या कामाला लावून दिलं.

तो आला तेव्हा पौष चालला होता. सकाळी आम्ही कानटोपी, मफलर, वर शाल अशा थाटात, आणि हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात अंगणात उभा. स्वयंपाकाच्या काकूंना कीव आली. त्यांनी आपल्या नातवाचा स्वेटर आणून दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, मान लववली आणि घाम पुसत पुसत दिवसभर अंगात ठेवला. त्या दिवसापासून काकूंचा तो लाडका झाला. फक्त तो चहात मीठ घालायला लागला की त्या पाठ फिरवून उभ्या राहायच्या. "दुधाचं वाटुळं," एवढंच म्हणायच्या.

पाहुण्यांना मराठीतली चार वाक्यं शिकवायचं काम माझ्याकडं होतं. बाकीच्यांनी 'पाणी द्या', 'जेवण छान झालं' अशी उपयोगाची वाक्यं घेतली. ह्यानं विचारलं, मोठी माणसं बसलेली असताना धाकट्यानं बोलायची परवानगी कशी मागायची? मी म्हटलं, 'आता बोलू?' असं विचार. झालं. भाजी वाढून हवी असली तरी हा आपला ताट धरून उभा, "सर, आता बोलू?" बरोबरच्या मुली हसून लोटपोट व्हायच्या. तोही हसायचा, पण वाक्य सोडायचा नाही.

ह्या वाक्यामागं काय होतं ते मला पुढं एका दुपारी कळलं. अर्जात एक रकाना असतो, 'आपल्याला येथे काय शिकायचे आहे?' इतर मुलं त्यात भारी भारी शब्द भरतात. ह्यानं लिहिलं होतं, 'माझं ऐकलं जाईल असं बोलायला.' मी सहज विचारलं, तेव्हा पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. घरी शेळ्यामेंढ्यांचा मोठा कळप. हा शहरात जाऊन जनावरांच्या आजारांचं शिकला आणि तालुक्याच्या कचेरीत लागला. एका वर्षी पाऊस झाला नाही, गवत वाढलं नाही. हा सांगत होता की बर्फ पडायच्या आत कळप दक्षिणेला हलवा. वडील, चुलते, वस्तीवरची म्हातारी माणसं, सगळे म्हणाले, पोरा, आम्ही इतके हिवाळे पाहिलेत. मग बर्फाचा असा थर बसला की खालचं होतं तेवढं गवतही जनावरांना खुरानं उकरता येईना. वसंतापर्यंत सगळा कळप उभ्या उभ्या मेला. तेव्हापासून वडील घरात कुणाशी फारसं बोलत नाहीत, असं त्यानं सांगितलं. पांढरा दुष्काळ, मी मनात म्हटलं. आपल्याला दुष्काळ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

हा कार्यक्रम नीट पुरा झाला तर परत गेल्यावर त्याच्या भागातल्या पशुपालकांचं काम त्याच्या हाती येणार होतं. हिवाळ्याआधी कधी, कुठं हलायचं हे त्यानं लोकांना पटवून द्यायचं. त्याला तेवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला आपलं कुणीतरी ऐकावं.

आता आमच्या केंद्राची गंमत ऐका. वर्गात शिरलं की समोरच्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलेलं आहे, 'पहिला महिना फक्त कान.' आमच्या संचालक मॅडम पुण्याच्या. बाई हुशार आणि कामाला वाघ. त्यांचं म्हणणं असं की बाहेरून आलेला शहाणा माणूस गावात जाऊन उपदेश करतो तिथंच नेतृत्व संपतं. म्हणून पहिला महिनाभर पाहुण्यांनी गावात काही सांगायचं नाही. फक्त विचारायचं आणि ऐकायचं. आदल्या वर्षी एका मुलानं बायकांना संडासावर व्याख्यान दिलं होतं, मी ते इमानानं भाषांतर करून सांगितलं आणि बायका उठून गेल्या. तेव्हा मॅडमनी मलाच बोलावून झापलं होतं. सर, तुम्ही चाळणी व्हा, म्हणाल्या. उपदेश आला की त्याचा प्रश्न करून पुढं द्या. ह्या वयात बोलणी खायची मला हौस नव्हती. मी चाळणी झालो.

त्याला जे गाव दिलं होतं तिथं बायकांचा शेळीपालनाचा गट होता. गटाच्या प्रमुख गयाबाई. पन्नाशी उलटलेली विधवा बाई, बोलायला कमी, पण सगळी आळी तिच्या शब्दाबाहेर नाही. गटाच्या शेळ्या रोज एकत्रच चरायला जायच्या. आपल्या काळ्या, लांब कानांच्या शेळ्या पाहून तो लहान मुलासारखा खूश झाला होता. एकेकीच्या पाठीवरून हात फिरवून मला विचारत होता, हिच्या अंगावर लोकर का नाही, दर वेळी जुळी होतात हे खरं का? गयाबाई पदराआड हसत होत्या. मला म्हणाल्या, "जनावराचा हात हाय ह्याला, गुरुजी." आमच्या मराठवाड्यात ह्याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

महिना भरायला सहा दिवस होते तेव्हाची गोष्ट. देणगीदारांकडून एक निरीक्षक बाई आल्या होत्या, त्यांना घेऊन आम्ही गावात गेलो. गयाबाईंनी दोन दिवसांपूर्वी आठवडी बाजारातून एक नवी शेळी आणली होती. ती गोठ्यात बाकीच्यांच्या मधेच बांधलेली. नाक वाहत होतं, मान खाली. तो तिच्याजवळ बसला, तोंड उघडून आत पाहिलं, वास घेतला, शेपटी उचलून पाहिली. उठला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"सर, आता बोलू?"

मी म्हटलं, बोल, पण प्रश्न विचार. त्यानं माझं शेवटचं ऐकलंच नाही. इंग्रजीत भराभर सांगायला लागला की ही शेळी आत्ताच्या आत्ता लांब बांधायला सांगा, ह्या गोठ्यातलं एकही जनावर उद्या चरायला जाऊ देऊ नका, डॉक्टरांना बोलवा, चांगल्या शेळ्यांना लस द्या, हा रोग आमच्याकडं मी पाहिला आहे, तो कळपच्या कळप नेतो. निरीक्षक बाई वही उघडून माझ्याकडं पाहत होत्या. मी गयाबाईंकडं वळलो आणि हसतमुखानं विचारलं, "आक्का, हिला काय झालं असावं असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी आधी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, नंतर माझ्या. मग म्हणाल्या, "बाजारातनं चालत आणलीय, शिणली आसंल. गूळपाणी पाजलंय."

तो पुन्हा शेळीजवळ जाऊन बसला होता. मी ते निरीक्षक बाईंना हळूच इंग्रजीत सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. लोकांचं स्वतःचं ज्ञान, असं त्याला नाव आहे.

परतताना जीपमध्ये त्यानं मला विचारलं, तुम्ही त्यांना सगळं सांगितलं ना? मी हो म्हणालो. त्यावर ती काय म्हणाली? मी म्हणालो, गूळपाणी दिलंय म्हणाली. तो खिडकीबाहेर पाहायला लागला. मी मनाची समजूत घातली की सहाच दिवसांचा प्रश्न आहे, सातव्या दिवशी तो स्वतःच सांगेल. वर्षानुवर्षं शाळेत वेळापत्रक पाळलेल्या माणसाला असंच सुचतं. रोगाला वेळापत्रक नसतं हे मला कळायला हवं होतं.

पाचव्या दिवशी ती शेळी मेली. तोवर गटाच्या अर्ध्या शेळ्यांना हगवण लागली होती. डॉक्टर आले, त्यांनी लस टोचली, पण उशीर झाला होता. आठ-दहा दिवसांत गयाबाईंच्या दावणीला एक करडू उरलं. गाभण शेळ्या गेल्या, अजून न व्यालेल्या तरण्या पाटी गेल्या. दूध प्यायला आई नाही म्हणून ओरडणाऱ्या करडांना बायका बाटलीनं पाजत होत्या, आणि तीही जात होती. ओढ्याच्या कडेला खड्डे खणायला माणसं पुरेनात. मी हे पाहिलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मग गावात बोलणं सुरू झालं. परका माणूस आला, शेळीच्या तोंडात हात घालून गेला आणि साथ आली. गावानं पाच मंगळवार गाव बांधायचं ठरवलं. वेशीवर कडुनिंबाचं तोरण बांधलं. त्या दिवशी गावातलं कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. आमची जीप वेशीवर अडवली. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "पाव्हण्याला आता हिकडं आणू नगा." जीपमधल्या आमच्या पाहुण्याला मी त्याचा अर्थ सांगितला. तोरण बघून तो म्हणाला, बरोबर आहे, आमच्याकडंही रोग आला की रस्ता बंद करतात. एवढंच म्हणाला. राग त्याला आलाच नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर त्यानं वर्गात 'आता बोलू?' असं कधी विचारलं नाही. काकू त्याच्या चहाजवळ आपणहून मिठाची वाटी ठेवायला लागल्या, तर त्यानं मीठ घालणंच सोडून दिलं. मी त्याच्यासमोर बसायचो आणि रोज ठरवायचो की आज सांगायचं. मॅडमना कळलं तर काय होईल, निरीक्षक बाईंच्या अहवालाचं काय, संस्थेच्या नावाचं काय, अशी कारणं मी गोळा करत होतो. खरं कारण एकच होतं, मला लाज वाटत होती.

शेवटच्या दिवशी अनुभवकथन असतं. विश्वस्त येतात, गटाच्या बायका येतात, हार-नारळ असतात. गयाबाई आल्या नव्हत्या. त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि शांतपणे बोलला. मला नेता होता येणार नाही, म्हणाला. माझ्या बोलण्यात काहीतरी कमी आहे. घरी मी सांगितलं, कुणी ऐकलं नाही. इथं मी सांगितलं, इथंही कुणी ऐकलं नाही. दोन ठिकाणची माणसं चुकीची असू शकत नाहीत, म्हणजे चूक माझ्यातच असणार. त्यासाठी मी त्या ताईंची माफी मागतो.

मी शेजारी माईक धरून उभा होतो. ती वाक्यं मात्र मी शब्दन्‌शब्द भाषांतर करून सांगितली. टाळ्या झाल्या. मॅडम म्हणाल्या, किती प्रामाणिक आत्मपरीक्षण.

दुसऱ्या दिवशी सगळी मुलं पुण्याला गेली आणि तिथून आपल्या देशात. ह्या गोष्टीला दोन वर्षं होत आली. त्याच्या तुकडीतल्या एका मुलीचं मध्ये पत्र आलं. तिनं कळवलं की त्यानं पशुपालकांचं काम घेतलं नाही, नोकरीही सोडली. आता दक्षिणेकडं कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवतो. ती भेटायला गेली तेव्हा त्याला विचारलं, हे काम का? तो म्हणाला, इथं बोलावं लागत नाही.

ते पत्र वाचून मला राहवलं नाही. येडशीपर्यंत एसटीनं आणि पुढं मिळेल त्या गाडीनं गयाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. गोठ्यात आता दोन शेळ्या होत्या. गयाबाई त्यांना पाला टाकत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तो काय म्हणाला होता, मी काय विचारलं, जीपमध्ये त्याच्याशी खोटं काय बोललो. त्यांचे हात थांबले नाहीत. पाला संपल्यावर त्या माझ्याकडं वळल्या.

"त्यो काय म्हणतोय त्ये मला तवाच उमगलं हुतं, गुरुजी. शेळीचं तोंड बघून त्याचं तोंड कसं झालं, त्ये म्या बघितलं की. जनावर राखणाऱ्याला तेवढं कळतंय."

"मग आक्का, बाजूला का नाही बांधली?"

"तुमच्याकडं बघितलं. तुमी हसत हुता. म्हणलं, शिकलेला माणूस हसतोय, म्हंजी काय न्हाय."

त्यांनी हात पदराला पुसले आणि विचारलं, त्याला हे सांगितलं का? मी नाही म्हणालो.

"मग हितं कशाला आलाव? त्याला सांगा की."

त्याला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगत बसलोय.